गुडघ्यावरचा नकाशा

(पेठ, जि. नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू आलं असेल. पेठमध्ये विमानतळ नाही, धावपट्टी नाही, आणि हा माणूस खासगी विमानाच्या कॉकपिटमधल्या टॅबलेटवर तासभर बोलणार! पण मी विषय मुद्दाम इथेच मांडतोय. त्याचं कारण आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईत जुहूचा जुना विमानतळ. तिथून ईशान्येला सरळ रेषेत नाशिक साधारण १४० किलोमीटर. जुहूहून पेठही जवळपास तेवढंच, १४५ च्या आसपास. दोन दिशांमधला फरक फक्त पंधरा-सोळा अंशांचा. आता समजा, एक छोटं दोन आसनी विमान ताशी ९० नॉट वेगाने नाशिककडे निघालंय. उजव्या अंगाने २५ नॉटचा वारा लागला आणि पायलटने तो हिशोबात धरला नाही. पाऊण-एक तासाने त्याला वाटतं, आता गंगापूर धरणाचं पाणी दिसायला हवं. आणि खाली असतात तुमचे डोंगर, दमणगंगेच्या खोऱ्यातले, सगळे एकसारखे दिसणारे. पावसाळा असेल तर तेही नाहीत, नुसते ढग.

या माणसाला दोन प्रश्न पडतात. डोंगर कुठे आहेत? आणि मी कुठे आहे? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं फक्त लक्षात ठेवा. पहिल्याचं उत्तर नकाशा देतो. दुसऱ्याचं उत्तर नकाशा देत नाही, ते माणसाने शोधायचं असतं. विमानविद्येच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत खासगी वैमानिकाचं सगळं कसब या दुसऱ्या प्रश्नात गेलं.

१९३० चं उदाहरण घ्या. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्याने विमान चालवत जाणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. तिघे उतरले: मनमोहन सिंग, अॅस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा. मनमोहन सिंगांच्या विमानाचं नाव ‘मिस इंडिया’. ते वाट इतक्यांदा चुकले, की तिकडच्या विमानविषयक पत्रकारांनी कोटी केली: नावातच ‘मिस’ आहे, म्हणजे इंडिया चुकणारच. अॅस्पी त्या वेळी जेमतेम १७ वर्षांचा. इजिप्तमध्ये अबुकीरला तो स्पार्क प्लग नसल्याने अडकला होता. उलट दिशेने येणाऱ्या जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले आणि तो जिंकला. ही गोष्ट सगळे दिलदारीची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला मात्र त्यात दुसरं काहीतरी दिसतं. या तिघांकडे रेडिओ नव्हता. होतं काय? होकायंत्र, घड्याळ आणि मांडीवर घडी घातलेला कागद. बास.

दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, पस मॉथ विमानातून. आपल्याकडच्या हवाई वाहतुकीची सुरुवात म्हणून तो दिवस आपण मोजतो. तेव्हाही साधनं हीच. वेग, अंतर, इंधन यांची गणितं सरकपट्टीवर करायची. नकाशा उघड्या खिडकीच्या वाऱ्याने उडू नये म्हणून मांडीला पट्ट्याने बांधायचा. ‘नी-बोर्ड’ म्हणजे गुडघ्यावरची पाटी म्हणतात तिला. ती पाटी आजही आहे, आणि टॅबलेट नेमका त्याच जागी जाऊन बसलाय.

मग वाट कशी सापडायची? खाली बघून. रेल्वेचे रूळ, नद्या, तलाव, रस्ते. वैमानिकांमध्ये एक जुना विनोद आहे. आयएफआर म्हणजे खरं तर उपकरणांच्या आधाराने उडण्याचे नियम. पण त्याचा खासगी अर्थ ‘आय फॉलो रेल्वे’, मी रुळाच्या मागे जातो! आपल्या भागात तर हे फार सोपं. ठाणे, कल्याण, कसाऱ्याचा थळ घाट, इगतपुरी, नाशिकरोड, मनमाड अशी रेल्वे. शेजारून आग्रा रोड, तो नाशिक, चांदवड, मालेगाव करत थेट धुळ्याला. आणि जुहू, नाशिक, धुळे ही तीन ठिकाणं जवळजवळ एका सरळ रेषेत आहेत. घरी पट्टी ठेवून बघा. एकूण २८० किलोमीटर. हे मी उगाच सांगत नाही. १९२८ मध्ये जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं विमान-प्रशिक्षण पुढे धुळ्याला गेलं. तेव्हा हा मार्ग कागदावरचा नाही, उडण्याचा आहे.

पण खाली बघून वाट शोधणं हे दिवसा आणि स्वच्छ हवेत. नसेल तर काय होतं, त्याची या सह्याद्रीतली सगळ्यात मोठी आठवण खासगी विमानाची नाही, प्रवासी विमानाची आहे. ७ जुलै १९६२ ला, मध्यरात्र उलटल्यावर, बँकॉकहून मुंबईला येणारं अलिटालिया कंपनीचं डीसी-८ जेट जुन्नरजवळ दावंड्याच्या डोंगरावर आदळलं. ९४ माणसं गेली, एकही वाचलं नाही. चौकशीत निघालं ते असं, की वैमानिकाचा आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकला. मुंबई जवळ आली असं समजून त्याने उंची लवकर सोडली. आता बघा, तो डोंगर काही नवा नव्हता. सह्याद्री सगळ्यांच्या नकाशात होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हाताशी होतं, दुसऱ्याचं चुकलं. जेटमध्ये रेडिओची उपकरणं होती, प्रशिक्षित माणसं होती, तरी ही गत. मग एकट्याने उडणाऱ्याची कल्पना करा.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. डोंगर नकाशात होते असं मी म्हणालो. पण तो नकाशा कोणाच्या हातात होता?

सर्व्हे ऑफ इंडिया ही १७६७ पासूनची संस्था. जगातल्या जुन्या आणि उत्तम मोजणीखात्यांपैकी एक. विमानांसाठी दहा लाखास एक प्रमाणाचे तक्ते हे आंतरराष्ट्रीय मानक. म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर एक मिलिमीटर. नाशिक ते पेठ सरळ रेषेत चार-सव्वाचार सेंटिमीटर. तुमचा सावळघाट, कोटंबीचा घाट एका अंगठ्याखाली झाकले जातात. ताशी ९० नॉट वेगाला हे प्रमाण चालतं, पण डोंगरांत शिरलात तर अपुरं पडतं. तिथे मोठ्या प्रमाणाचे नकाशे लागतात. आणि तिथे आपल्याकडे कुलूप होतं.

१९६० च्या दशकात संरक्षण मंत्रालयाने ठरवलं, की सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटर आतपर्यंतच्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे ‘प्रतिबंधित’. परवानगीशिवाय मिळणार नाहीत. नुकतीच चीनशी आणि पाकिस्तानशी युद्धं झाली होती, त्या काळात तो निर्णय समजण्यासारखा होता. पण मोजून बघा. पेठपासून दमणचा किनारा सरळ रेषेत ७०-७५ किलोमीटर. म्हणजे नाशिक त्या पट्ट्याच्या बाहेर आणि पेठ आत! इथल्या कोणाला वाटलंही नसेल की आपण समुद्रकाठचे लोक आहोत. मोजणीखात्याच्या लेखी मात्र ज्या डोंगरात तुम्ही गुरं चारता, त्या डोंगराचा कागद गोपनीयतेच्या रेषेच्या आत येत होता.

याच्या जोडीला १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समधला तेरावा नियम: विमानातून परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही. वरून बघायला मनाई नाही, पण बघितलेलं टिपायला मनाई. आणि गंमत अशी, की अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने याच प्रदेशाचे, पाच लाखास एक आणि दहा लाखास एक प्रमाणाचे वैमानिकी तक्ते काढलेले होते. पुढे ते अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट ठेवले गेले. कुलूप पुढच्या दाराला आणि मागची भिंतच नाही, असा प्रकार. गोपनीयतेचं माझं दुमत नाही, पण ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याकडे ते होतंच. ज्याला जीव वाचवायला हवं होतं, त्यालाच मिळत नव्हतं.

अमेरिकेत हीच अडचण वेगळ्या वाटेने सुटली, म्हणून जरा तिकडे जाऊ. एल्रे जेपसन नावाचा टपाल वाहून नेणारा वैमानिक. त्याचे सोबती डोंगरांत, ढगांत मरताना त्याने पाहिले. त्याने एक छोटी काळी वही घेतली. कुठल्या शेतात उतरता येतं, पाण्याची टाकी किती उंच, कुठल्या शेतकऱ्याकडे फोन आहे, म्हणजे हवामान विचारता येईल. सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून उंची मोजायचा. इतर पायलट वही मागायला लागले, तेव्हा १० डॉलरला प्रती विकायला लागला. १९३४ मध्ये कंपनी झाली. आज जगभर विमान कंपन्या वापरतात ते जेपसनचे तक्ते, त्याचं मूळ ही वही. सरकारने न दिलेला नकाशा एका माणसाने पायी फिरून बनवला. आपल्याकडे असा माणूस निर्माण झाला नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण मला सांगा, १९७० साली पेठच्या डोंगरात कोणी परका माणूस उंची मोजत, वहीत टिपत फिरला असता, तर त्याचं काय झालं असतं? (हशा)

असो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकाशातून आलं, आणि तेही एका दुर्घटनेनंतर. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं मेली. त्यानंतर पंधरवड्यात अमेरिकेने जाहीर केलं, की आमची उपग्रहांची जीपीएस यंत्रणा पूर्ण झाली की नागरी वापरासाठी सगळ्या जगाला खुली करू. नव्वदच्या दशकात हातात मावणारे जीपीएस आले. लष्कराने त्यात मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० ला काढून टाकली, तेव्हा शंभर मीटरची अचूकता एकदम दहा-पंधरा मीटरवर आली. तोवर ‘मी कुठे आहे’ हे कळत होतं, पण अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत किंवा काडेपेटीएवढ्या पडद्यावर. ते आकडे घेऊन पुन्हा मांडीवरच्या कागदावर बोट ठेवायचं.

२०१० च्या एप्रिलमध्ये आयपॅड आला. बनवणाऱ्यांच्या मनात विमान नव्हतंच. पण खासगी वैमानिकांनी तो काही महिन्यांत उचलला, आणि का ते बघण्यासारखं आहे. विमानात पक्कं बसवायचं कुठलंही उपकरण प्रमाणित असावं लागतं, त्याची किंमत कधी कधी जुन्या विमानाच्या किमतीला भिडते. टॅबलेट मात्र विमानाचा भाग नाही, तो पायलटच्या सामानाचा भाग. कागदासारखा आत न्यायचा, कागदासारखा बाहेर आणायचा. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २००७ मध्येच खासगी उड्डाणांना कागदाऐवजी असं साधन वापरायला मोकळीक दिली होती, फारसे अर्ज-मंजुऱ्या न लावता. फोरफ्लाइट नावाचं अॅप तिकडे, स्कायडेमन युरोपात. मोठ्या कंपन्या मागून आल्या. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये वैमानिकांच्या १६-१६ किलोच्या बॅगा काढून टाकल्या. वर्तमानपत्रांनी बातमी केली ती या बॅगांची आणि वाचलेल्या इंधनाची. पण सेसनामध्ये बसणाऱ्या एकट्या माणसाला १६ किलोंचं काय? त्याच्यासाठी मोठी गोष्ट अशी, की माझे दोन्ही प्रश्न एका काचेवर आले. डोंगर आणि त्यावर सरकणारं छोटं विमान, म्हणजे मी.

आपल्याकडे हे कसं उतरलं? कंपन्यांच्या विमानांत टॅबलेटला डीजीसीएची मंजुरी लागते, तो भाग शिस्तीचा आहे. खासगी आणि शिकाऊ वैमानिकांमध्ये मात्र तो आधी खिशातून आला. आणि आल्या आल्या आपल्या हवेने त्याला धडे दिले. आयपॅडची चालण्याची मर्यादा ३५ अंश. मे महिन्यात धुळ्याचा पारा ४० च्या वर, वर कॉकपिट म्हणजे काचेची पेटी, धावपट्टीवर वाट बघत उभं. पडदा काळा पडतो आणि थंड होऊ द्या म्हणून सूचना येते. कागदाला ऊन लागत नाही! दुसरं, नुसतं वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतं. पैसे वाचवायला तो घेतला तर जमिनीवर बिंदू छान दिसतो, वर गेल्यावर नाहीसा. तिसरं, कव्हरमधलं लोहचुंबक. ते कव्हर होकायंत्राजवळ ठेवलंत तर नव्या साधनाने जुन्याला खोटं बोलायला लावलं. याशिवाय चकाकी, बॅटरी, काचेवर चिकटवलेला पकडा ऐन वेळी सुटून पॅडलपाशी पडणं. मोठ्या गोष्टी नाहीत या. पण एकट्या माणसाचं लक्ष दहा सेकंद मांडीकडे गेलं, तर तेवढ्यात विमान अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

आता या टॅबलेटवर दाखवायचं काय? नाशिकच्या आसपासचं आकाश रिकामं नाही. ओझरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना, १९६४ पासूनचा, लढाऊ विमानांची चाचणी तिथे. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण. देवळालीला तोफखान्याचं केंद्र, आणि तोफेचा गोळा वर किती उंच जातो हे आग्रा रोड पकडून चाललेल्या पायलटला माहीत असलंच पाहिजे. या सगळ्या हद्दी एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या अधिकृत ग्रंथात असतात. पूर्वी सुट्या पानांची जाडजूड बाडं असायची. दुरुस्त्या आल्या की जुनी पानं काढायची, नवी लावायची, आणि हे काम क्लबात नेहमी सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात. आता तो ग्रंथ इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतो, बदलांचं चक्र २८ दिवसांचं. हा फार मोठा बदल आहे आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

नकाशांचं कुलूपही सैल झालं. २००५ च्या धोरणाने संरक्षणासाठी वेगळे आणि लोकांसाठी वेगळे असे दोन नकाशासंच केले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय माणसाला, भारतीय कंपनीला नकाशे बनवण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढून टाकली. त्याच वर्षी ड्रोनसाठी हिरवं, पिवळं, लाल असं आकाश दाखवणारा नकाशा सरकारनेच खुला केला. पण क्रम लक्षात घ्या. परवानगी आली २०२१ मध्ये, टॅबलेट मांडीवर बसला त्याच्या दहा वर्षं आधी. मधल्या काळात आपल्या डोंगरांचे आकार आपल्याच वैमानिकाला परदेशी कंपनीच्या अॅपमधून, परदेशी उपग्रहाच्या मोजणीतून दिसत होते.

आणि अजूनही एक जागा रिकामी आहे. अमेरिकेत सरकार खालून, नजरेने उडणाऱ्यांसाठी खास नकाशे काढतं. टेकड्या, मनोरे, विजेच्या तारा, सगळं. दर ५६ दिवसांनी नवे, कोणीही फुकट उतरवून घ्यावेत. आपल्याकडे विमानतळांचे आणि वरच्या मार्गांचे तक्ते चांगले आहेत, पण त्या तोडीचा, खालून उडणाऱ्याचा, नेमाने ताजा होणारा नकाशा खासगी वैमानिकाच्या हाती सहज येत नाही. घाटमाथ्यावर उभा राहिलेला नवा मनोरा त्याच्या टॅबलेटवर असेलच असं नाही. पडदा मात्र असा सुबक असतो, की जे त्यावर नाही ते जगातच नाही असं वाटावं. कागद मळायचा, फाटायचा, त्याचं वय त्याच्या अंगावर दिसायचं. टॅबलेटवरचा जुना नकाशा नव्याइतकाच चकचकीत.

दुसऱ्या प्रश्नाचंही आता तसंच झालंय. इस्रो आणि एअरपोर्ट्स अथॉरिटीने मिळून ‘गगन’ यंत्रणा उभारली. जीपीएसमधली चूक जमिनीवरून मोजून उपग्रहामार्फत दुरुस्त करणारी. २०१५ मध्ये तिला उतरण्याच्या मार्गदर्शनासाठी प्रमाणपत्र मिळालं, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगडला तिच्या आधाराने उतरलं. अर्थात त्यासाठी गगन ओळखणारा रिसीव्हर लागतो, प्रत्येक टॅबलेट तो नसतो. एकीकडे हे, आणि दुसरीकडे गेल्या काही वर्षांत अमृतसर-जम्मूच्या बाजूला खोट्या जीपीएस संकेतांच्या तक्रारी. संकेत बंद पडला तर कळतं, बिंदू थांबतो. खोटा संकेत आला तर बिंदू सरकतच राहतो, फक्त चुकीच्या जागी. मोठ्या विमानात ते ताडून बघायला दुसरी यंत्रणा असते. छोट्या विमानात खिडकी असते.

म्हणूनच परीक्षेला आजही कागद आहे. व्यावसायिक परवान्यासाठी मुलं पेन्सिलने रेघ ओढतात, गोल सरकपट्टीवर वाऱ्याचा हिशोब करतात, एक अंश चूक म्हणजे ६० मैलांवर एक मैल हे घोकतात. त्यांना ते जुनाट वाटतं. काही शिक्षक उड्डाणात मधेच टॅबलेट पालथा घालायला लावतात आणि विचारतात, सांग, खाली कुठलं गाव? मला ही पद्धत आवडते. उत्तर यायला वेळ लागतो, पण त्या वेळात मुलगा पहिल्यांदा बाहेर बघतो.

थांबतो. काही विचारायचं असेल तर विचारा.

प्रश्न (श्रोत्यांमधून): सर, रात्री आमच्या गावावरून जी विमानं जातात, ती पण टॅबलेटवरच चालतात का?

नाही, नाही. ती प्रवासी विमानं. त्यांची वाट विमानातच पक्क्या बसवलेल्या संगणकात असते, टॅबलेट त्यांच्याकडे तक्ते आणि कागदपत्रं बघण्यापुरता. आणि ती तुमच्या डोंगरांच्या आठ-दहा किलोमीटर वरून जातात. मी बोललो ते दिवसा, कधीतरी, फार खालून घरघरत जाणाऱ्या एखाद्या विमानाबद्दल.

प्रश्न: मग असं विमान कोणीही टॅबलेट घेऊन उडवू शकतो? परवानगी?

परवाना हवा, उड्डाणाचा आराखडा द्यावा लागतो, आणि आपल्याकडे हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो, एडीसी नंबर म्हणतात त्याला. तो अधिकाऱ्यांकडूनच घ्यायचा, टॅबलेट तुमच्या वतीने देऊ शकत नाही. आणखी एक सांगतो, तुमच्यापैकी कोणाचे नातेवाईक परदेशातून उडायची हौस घेऊन येत असतील तर. तिकडे बरेच खासगी वैमानिक टॅबलेटसोबत उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र बाळगतात. ते इथे परवानगीशिवाय आणू नका. त्यावरून विमानतळांवर लोकांना अटक झालेली आहे.